ढाल कुणाची आणि घाव कुणावर?



गेल्या खेपेस आपण घरातले कर्ज आणि त्यापायी होणारी कुटुंबाची ओढाताण याविषयी बोललो होतो. त्यावर जी पत्रे आली त्यांतील बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे. पैशाचे गणित एकवेळ सुटेल, पण माणसाचे काय करायचे? एका भगिनीने लिहिले आहे, "तीन महिन्यांचे भाडे थकले आहे, तरी आमचे हे म्हणतात सगळे ठीक आहे. विषय काढला की चपला घालून बाहेर जातात. हे माझ्याशी खोटे बोलतात, की यांना खरोखरच कळत नाही?" दुसऱ्या एका बंधूने आपल्या धाकट्या भावाविषयी लिहिले आहे. कामावर साहेबापुढे तो मान खाली घालून उभा असतो आणि घरी आला की पोरांवर खेकसतो, ताट भिरकावतो.

प्रश्न साधे दिसतात, पण त्यांचे उत्तर साधे नाही. पहिल्या पत्रातील गृहस्थ खोटे बोलत नसावेत आणि त्यांना कळत नाही असेही नसावे. या दोहोंमध्ये एक तिसरी अवस्था असते. माणसावर त्याला पेलवणार नाही एवढे ओझे आले की मन स्वतःच्या बचावासाठी काही व्यवस्था करते. ही व्यवस्था माणसाला विचारून होत नाही. डोळ्यापुढे काही आले की पापणी जशी आपोआप मिटते, तसेच हे. मानसशास्त्रात याला संरक्षण यंत्रणा असा भारदस्त शब्द आहे. आपण आपल्यापुरते तिला मनाची ढाल म्हणू.

आपल्या जुन्या माणसांना या ढाली चांगल्या ठाऊक होत्या. वड्याचे तेल वांग्यावर, कोल्ह्याला द्राक्षे आंबट, नाचता येईना अंगण वाकडे, चोराच्या मनात चांदणे, मांजर डोळे मिटून दूध पिते. एकेका म्हणीत एकेक ढाल नेमकी पकडलेली आहे. फरक इतकाच, की म्हण टोमणा मारायला वापरली जाते. टोमणा बसला की समोरचा माणूस ढाल आणखी घट्ट धरतो आणि मूळ दुखणे तसेच राहते.

शास्त्राच्या बाजूने या विषयाची मांडणी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात झाली. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ साली एका लेखात मनाच्या बचावाची कल्पना मांडली. त्यांची सर्वांत धाकटी मुलगी अॅना ही आधी शाळाशिक्षिका होती. पुढे ती लहान मुलांच्या मनाच्या दुखण्यांवर काम करू लागली आणि १९३६ साली तिने या ढालींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आज आपण ज्या ढालींची नावे घेतो, त्यांतील बहुतेकांची व्यवस्थित ओळख त्या पुस्तकाने करून दिली.

या फ्रॉइड महाशयांचीच एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९२३ साली त्यांना जबड्याचा कर्करोग निघाला. पुढे तीसहून अधिक वेळा शस्त्रक्रिया झाल्या, पण सिगार काही सुटली नाही. ते ज्यू होते. नाझींचे संकट दिसत असताना स्नेही मंडळी त्यांना शहर सोडा म्हणून विनवत होती, तरी ते निघेनात. मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतला, अॅनाला गुप्त पोलिसांनी चौकशीसाठी दिवसभर नेले, तेव्हा कुठे त्यांचे मन तयार झाले. जूनमध्ये ते लंडनला पोहोचले आणि दुसऱ्या वर्षी तेथेच वारले. त्यांच्या चार बहिणी व्हिएन्नातच राहिल्या, त्या पुढे नाझींच्या छावण्यांत मारल्या गेल्या. मनाच्या लबाड्या जगाला समजावून सांगणाऱ्या माणसाची ही गत, तर भाडे थकलेल्या आपल्या गृहस्थांना हसण्याचा अधिकार कुणाला आहे?

आता आपल्याकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे उभे राहिले. संपाचे वर्ष गेले, दुसरे गेले. संप संपला असे कुणी रीतसर जाहीरही केले नाही. काही गिरण्या थोडी माणसे घेऊन सुरू झाल्या, अनेकांची दारे कायमची बंद झाली. मी तेव्हा लहान होतो. पण संपानंतरची जी वर्षे होती, चौथीपाचवीत असताना जे पाहिले, ते डोळ्यांपुढे आहे. आमच्या मजल्यावर दोन घरे समोरासमोर होती. दोन्ही घरचे कर्ते पुरुष एकाच गिरणीत, एकाच रिंग खात्यात. दोघांवर एकच कुऱ्हाड पडली. दोघांच्या मनांनी ढाली मात्र वेगवेगळ्या उचलल्या.

पहिले होते त्यांना आम्ही पोरे बाबा म्हणायचो. गिरणीचा भोंगा थांबला होता, पण बाबांचा थांबला नव्हता. पहाटे उठायचे, आंघोळ करायची, इस्त्री नसलेला पण स्वच्छ सदरा घालायचा आणि पहिल्या पाळीच्या वेळेला गिरणीच्या दरवाजापाशी जाऊन बसायचे. दहा वाजता परत. कुणी विचारले तर सांगायचे, "सोमवारी सुरू होणार. आतून बातमी आहे." असे किती सोमवार गेले याची गणती नाही. चाळीतली टारगट पोरे त्यांना 'सोमवार' म्हणू लागली होती.

यालाच नकार म्हणतात. जे घडले आहे ते मन घडलेच नाही असे धरून चालते. आता यात त्यांच्या पत्नीचे, म्हणजे काकींचे वागणे पाहा. शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी एकदाही नवऱ्याला "गिरणी गेली, आता शुद्धीवर या" असे म्हटले नाही. "हो, होईल सोमवारी" असे म्हणून फसवलेही नाही. त्यांनी दोन माणसांची खानावळ धरली. दोनाची पाच झाली, पाचाची अकरा. मग त्या सकाळी निघताना नवऱ्याच्या हातात पिशवी देऊ लागल्या. "अहो, तसेच येताना मंडईतून कांदेबटाटे आणाल का? माझ्याच्याने उचलत नाही." काही महिन्यांनी बाबा दरवाजावर थोडा कमी वेळ बसू लागले, कारण उशिरा गेले तर भाजी महाग पडते. पुढे खानावळीची वही त्यांच्याकडे आली. कुणाचे किती दिवस, कुणाचा खाडा, कुणाची उधारी. ते दरवाजावर जायचे कधी थांबले, हे त्यांनाही सांगता आले नसते.

आपल्या वाचकांना येथे किसा गोतमीची कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. मेलेले मूल कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरत होती. लोक तिला वेडी म्हणत होते. भगवान बुद्धांनी तिला "तुझे मूल मेले आहे" असे सांगितले नाही. ते तर सारा गाव सांगतच होता. त्यांनी तिला मूठभर मोहरी आणायला पाठवले, फक्त ज्या घरी कधी कुणी मेले नाही त्या घरची. मोहरी प्रत्येक घरी होती. पण प्रत्येक घराने आपापले मेलेले माणूस तिला सांगितले. संध्याकाळपर्यंत कडेवरचे मूल तिने स्वतःच खाली ठेवले. ही कथा आपण मृत्यू कुणालाच चुकत नाही हे सांगण्यासाठी नेहमी वापरतो आणि ते योग्यच आहे. पण मनाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक मोठी गोष्ट आहे. नकाराची ढाल हिसकावून घेतली नाही. हाताला काम दिले, पायाला वाट दिली, चार दुःखी माणसांशी गाठ घालून दिली, आणि ढाल गळून पडेपर्यंत वाट पाहिली.

आता समोरच्या घराकडे वळू. तेथील गृहस्थ गिरणीविषयी चकार शब्द काढत नसत. मालकावर राग होता, सरकारवर होता, पुढाऱ्यांवर होता, पण यांपैकी कुणीच हाताला लागत नव्हते. हाताला लागत होता तो थोरला मुलगा. वही फाटली म्हणून मार, केस वाढले म्हणून मार, पाणी भरायला उशीर झाला म्हणून मार. संध्याकाळी पोटात दारू गेली की कारणही लागत नसे. हा मुलगा माझ्यापेक्षा दोन वर्गांनी पुढे होता, गणितात हुशार होता. आठवीतून शाळा सुटली. याला मानसशास्त्रात विस्थापन म्हणतात, आणि म्हणीत वड्याचे तेल वांग्यावर. राग खरा असतो, फक्त पत्ता चुकीचा असतो. तो पत्ता नेहमी आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाचाच कसा निघतो, हे मला मोठे विचार करण्याजोगे वाटते. वड्याचे तेल कुणी साहेबावर काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. दिवसभर नावे आणि जमा यांत बसतो. मला या दोन घरांचा हिशेब असा दिसतो. दोन्ही घरांत नुकसान सारखे होते, दोन्ही ढाली खोट्याच होत्या. बाबांच्या ढालीचा खर्च बराचसा बाबांच्याच नावे पडला. लोक हसले, काही महिने वाया गेले, घरात चूल पेटवण्याचे ओझे काकींवर आले. समोरच्या ढालीचा सगळा खर्च मात्र एका तेरा वर्षांच्या मुलाच्या नावे टाकला गेला, आणि तो त्याला आयुष्यभर फेडावा लागला. म्हणून कुणी कोणती ढाल धरली याचे नाव ठाऊक नसले तरी चालेल, तिचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो आहे एवढे आधी पाहावे. धाकट्या भावाविषयी लिहिणाऱ्या बंधूंना माझे हेच सांगणे आहे. भाऊ कामावर काय सोसतो हे त्याच्यापाशी बसून जरूर ऐका, पण ताट भिरकावले जाते तेव्हा पोरांना आधी त्याच्यापुढून उचला. त्याची समजूत नंतर घाला. घरात हात उचलला जात असेल तर ती मनाची ढाल आहे म्हणून सोसत बसायचे कारण नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

नकाराचा सर्वांत चिवट प्रकार दारूच्या बाबतीत दिसतो. "मी काय रोज पितो का?", "मनात आणले तर उद्या सोडीन" ही वाक्ये कोणत्याही वस्तीत सारखीच ऐकू येतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अशा केंद्रांत जे उपचार चालतात त्यांत 'मला व्यसन आहे' हे माणसाच्या स्वतःच्या तोंडून येणे हा मोठा टप्पा मानला जातो. पण नकार एकट्या पिणाऱ्याचा नसतो, घराचाही असतो. आई म्हणते, "पोरगा मनाने चांगला आहे, संगत वाईट." बायको कामावर फोन करून कळवते की त्यांना ताप आहे. लग्नाच्या बोलणीत सोयरे मंडळी म्हणतात, लग्न झाले की सुधारेल. अशा वेळी सगळे कुटुंब मिळून एकच ढाल धरून उभे असते आणि तिच्या मागे माणूस बिनघोर पीत राहतो. येथे काकींसारखी वाट पाहणे उपयोगाचे नाही. ताप आहे म्हणून खोटा फोन करायचे जरी थांबवले तरी पहिले पाऊल पडते.

दुसरी एक ढाल सुशिक्षितांच्या विशेष आवडीची आहे. ती म्हणजे समर्थन, सबब. परीक्षेत अपयश आले की पेपर अवघड होता, नोकरी गेली की तशीही तिथे प्रगती नव्हती. द्राक्षे आंबट. थोडी सबब प्रत्येकालाच लागते. पडलेल्या माणसाला उठताना टेकायला भिंत लागते, तशी. यावर फार लिहिण्याची गरज नाही. मात्र आपल्या मुलांच्या बाबतीत याच ढालीची एक उलटी बाजू आहे, ती नीट समजून घेतली पाहिजे.

एखादा मुलगा मुलाखतीहून येतो आणि म्हणतो, "आडनाव ऐकले आणि साहेबांचा चेहरा बदलला." लगेच कुणी तरी शहाणा म्हणतो, "अपयश झाकायला जातीचे निमित्त कशाला?" आता ही सबब की सत्य? प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी वर्तमानपत्रातील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त अर्जदाराच्या नावाचा होता. नावावरून दलित किंवा मुसलमान वाटणाऱ्या अर्जदारांना पुढे बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. २००७ साली हा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. म्हणजे मुलाला जे वाटले ते भ्रम म्हणून झटकून टाकता येत नाही. उलट ज्यांनी त्याला शहाणपण शिकवले, त्यांचाच तो नकार असू शकतो. अन्याय सोसणाऱ्याला 'ही तुझी मनाची समजूत' म्हणणे हे मानसशास्त्र नव्हे. पण याचबरोबर हेही खरे, की प्रत्येक वेळी कारण तेच असेल असे नाही, आणि जो मुलगा प्रत्येक अपयशाला एकच कारण लावतो तो पुढची तयारी सोडून देतो. यातून वाट कशी काढावी? मी आमच्या अभ्यासिकेतील मुलांना एक वही ठेवायला सांगतो. तारीख, जागा, काय विचारले, आपण काय उत्तर दिले, कोणते उत्तर आले नाही, कुणाची निवड झाली. दहा मुलाखती झाल्या की वही वाचायची. जेथे अभ्यास कमी पडला तेथे अभ्यास, आणि जेथे खरोखर डावलले गेले तेथे तक्रार. दोन्ही कामांना तीच वही उपयोगी पडते.

अॅना फ्रॉइड यांनी सांगितलेली आणखी एक ढाल मला फार भेदक वाटते. ज्याची भीती वाटते, त्याच्यासारखेच होऊन जायचे. मार खाणारे मूल खेळात मारकुटे मास्तर होते ते यामुळेच. आपल्या घरांत याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. जिने सासूचा जाच काढला तीच सासू झाल्यावर म्हणते, "आम्ही नाही का सोसले?" आणि सुनेच्या हातची भाकरी परत करते. माणूस बदलला, जागा तीच राहिली. कचेरीतही हे दिसते. खालून वर गेलेला एखादा अधिकारी आपल्याच माणसांशी सर्वांत कडक वागतो, कारण वरच्यांनी 'हा त्यांच्यातला' म्हणू नये ही धास्ती त्याला आत पोखरत असते. त्याचा राग येतो, मलाही येतो. पण त्याने ती खुर्ची किती भीत भीत सांभाळली असेल हे ध्यानात घेतले की बोलण्याची भाषा बदलते.

बाकीच्या ढाली थोडक्यात. स्वतःच्या मनातले दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणजे प्रक्षेपण. ज्याच्या मनात पाप असते तोच बायकोवर पाळत ठेवतो. घरात दुसरे बाळ आल्यावर पाच वर्षांचा थोरला अंथरूण ओले करू लागतो, त्याला परागमन म्हणतात. त्याला मारू नये, थोडे मांडीवर घ्यावे, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. आणि दमन म्हणजे नकोशी आठवण इतकी खोल दाबून टाकणे, की ती आपल्याला आठवतही नाही.

दमनाचीच एक शहाणी बहीण आहे. तिच्याविषयी बोलण्याआधी अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीची माहिती घेऊ. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली तिची सुरुवात झाली. २६८ विद्यार्थी निवडून त्यांच्या आयुष्याचा माग पुढे अनेक दशके ठेवला गेला. ते सगळे पुरुष होते आणि सगळे गोरे, तेव्हा आमच्या भगिनींनी नाक मुरडले तर मी त्यांना दोष देणार नाही. पुढे जॉर्ज व्हॅलंट या मनोविकारतज्ज्ञांनी ही पाहणी हाती घेतली आणि १९७७ साली त्यावर पुस्तक लिहिले. माणसाच्या वाट्याला संकटे किती आली यापेक्षा त्याने ढाली कोणत्या वापरल्या, यावर त्याचे पुढचे आयुष्य, प्रकृती, संसार बरेच अवलंबून असते, असे त्यांना दिसले. बोस्टन शहरातील गरीब वस्त्यांत वाढलेल्या ४५६ मुलांचीही अशीच पाहणी झाली होती. तीही त्यांनी तपासली. चांगल्या ढाली वापरण्याचे कसब शिक्षणावर किंवा श्रीमंतीवर अवलंबून नाही, असे त्यातून दिसले. काकींना पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

या चांगल्या ढाली पाच. दुःख सांगतानाही स्वतःवर हसता येणे. आपल्यासारख्याच दुसऱ्याला मदत करण्यात आपले दुःख हलके होणे. मनातली आग गाण्यात, लिखाणात, खेळात, कामात उतरवणे. येणाऱ्या संकटाची आधीच थोडी तयारी करून ठेवणे. आणि पाचवी, म्हणजे दमनाची ती शहाणी बहीण. दुःख आहे हे पुरते ठाऊक असताना ते ठरवून थोडे बाजूला ठेवणे. आमच्या वस्तीतील एका ताईंचे यजमान अचानक गेले. जलदान विधी होईपर्यंत त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसले नाही. लोक कुजबुजले. ताईंनी मृत्यूचा दाखला काढला, निवृत्तिवेतनाचे कागद भरले, बँकेत वारसाचे नाव लावले, मुलीची फी भरली. मग मुलीला बहिणीकडे ठेवून त्या माहेरी गेल्या आणि आठ दिवस आईच्या मांडीवर रडल्या. परत आल्या त्या कामालाच. ज्यांनी रडणे दाबून टाकले आणि पुढे वर्षानुवर्षे डोकेदुखी, छातीत धडधड म्हणून दवाखाने केले, तपासण्यांत काहीच निघाले नाही, अशाही भगिनी आपण पाहतो. रडणे पुढे ढकलता येते, पण त्याची तारीख ठरवावी लागते.

पहिल्या पत्रातील भगिनींना आता उत्तर देतो. ताई, आपले यजमान "सगळे ठीक आहे" म्हणतात तेव्हा मुलांपुढे त्यांना खोटे पाडू नका. मात्र "बरे" म्हणून गप्पही बसू नका. भाड्याचा आकडा एका कागदावर लिहा आणि म्हणा, "रविवारी घरमालकाकडे आपण दोघेही जाऊ. एका महिन्याचे आता देऊ, बाकीच्याला मुदत मागू. बोलायचे मी बोलते, तुम्ही फक्त बरोबर चला." संपूर्ण कर्ज डोळ्यांपुढे आणले तर ते पुन्हा चपला घालतील. एका रविवारचे काम बहुधा पेलवेल. चपला तशाही घालायच्याच आहेत, तर त्या घरमालकाकडे जाण्यासाठी घालू द्या. दोनतीनदा असे करूनही ते हलले नाहीत, जेवणझोप गेली, कामावर जाणे बंद झाले, तर मात्र हे घरगुती उपायांचे काम राहिले नाही असे समजावे.

असे झाले तर शासकीय जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करावी. डोक्याच्या डॉक्टरकडे गेले म्हणजे वेडा, ही समजूत सोडावी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. घरातील कुणी जीव देण्याची भाषा करीत असेल तर ती धमकी की नाटक याचा खल करीत बसू नये, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच वेळी हा क्रमांक लावावा किंवा रुग्णालय गाठावे.

दहावीच्या मुलांच्या पालकांची सात पत्रे टेबलावर तशीच आहेत. निकालाच्या दिवशी घरात काय बोलावे आणि काय बोलू नये, एवढाच विषय पुढच्या खेपेस घेऊ.